दैवशालाची साक्ष

काकासाहेबांच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली आणि गावाला सहा वर्षांनी दैवशालाची आठवण झाली.

मधली सहा वर्षं तिला कुणी हाक मारली असेल तर ती कामासाठीच. त्याआधीची गोष्ट वेगळी होती. दर मंगळवारी शिवेवरच्या मरीमायपुढे हलगी वाजायची, दैवशालाचे केस सुटायचे, अंग घुमायला लागायचं आणि देवी बोलायची. कुणाचा बैल हरवलेला असायचा, कुणाच्या पोरीचा ताप उतरत नसायचा, कुणाच्या भावकीत फूट पडलेली असायची. सगळे तिच्यापुढे येऊन बसायचे. एरवी ज्यांच्या ओट्याखाली उभं राहून बोलायचं, ते काकासाहेब टोपी काढून तिच्या पायावर डोकं ठेवायचे. देवी गेली की टोपी परत डोक्यावर आणि दैवशाला परत ओट्याखाली. पण मधला तेवढा वेळ तिचा असायचा.

मग तिचा नवरा कचरू दारूपायी मरायला टेकला. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. देवी गावाचं सगळं सांगायची, पण दैवशालाच्या घराबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. वडीगोद्रीच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं येऊन कचरूच्या उशाशी प्रार्थना करत बसली. कचरू उठला आणि त्याची दारू सुटली. प्रार्थनेने सुटली की दवाखान्याच्या धास्तीने, यावर गावात दोन मतं होती. दैवशालाचं एकच होतं. नवरा-बायकोने शहागडला गोदावरीत बाप्तिस्मा घेतला आणि देवीची परडी त्याच पाण्यात सोडून दिली. पास्टर साहेबरावांनी तिचं नाव दबोरा ठेवलं. त्या नावाने पास्टर सोडून तिला कुणीच हाक मारली नाही, कचरूनेसुद्धा नाही.

गावाने थोडे दिवस तोंड वाकडं केलं. मग विसरून गेलं.

यंदा पावसाने ओढ दिली होती. भादवा लागला तरी आभाळ नुसतं पांढरं. काकासाहेबांच्या शेडनेटमध्ये बियाण्याच्या कंपनीची मिरची होती आणि ती सगळी ठिबकच्या पाण्यावर उभी होती. केबल गेल्यावर दोन दिवस पाणी बंद पडलं, तेवढ्यात फुलांचा सडा पडला. नवीन केबल आणून मोटार सुरू केली, पण गळलेलं फूल काही परत झाडावर चढत नाही. काकासाहेब दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत होते.

नेटमध्ये बायका क्रॉसिंग करत होत्या. उमलायच्या बेतात असलेली कळी चिमट्याने उघडायची, आतले नर-केसर अलगद उपटायचे, दुसऱ्या वाणाच्या परागाची पावडर बोटाने लावायची आणि देठाला लाल लोकरीचा दोरा बांधून पुढच्या कळीला हात घालायचा. वर हिरवी जाळी, खाली उकाडा. घाम डोळ्यात गेला तरी पुसायची सोय नाही, कारण हाताला पावडर लागलेली. दैवशालाची मान संध्याकाळपर्यंत लाकडासारखी व्हायची.

द्वारकाबाई, म्हणजे काकासाहेबांची बायको, नेटमध्ये कधी फिरकत नसत. त्या दिवशी आल्या आणि पदर खोचून थेट दैवशालाच्या ओळीत सरीत बसल्या. हातात घरचा तांब्या होता. त्यांनी स्वतः वाकून तिच्या ओंजळीत पाणी घातलं. बाकीच्या बायकांचे चिमटे थांबले. दैवशालाला ते पाणी गोड लागलं, आणि गोड लागलं म्हणून स्वतःचा रागही आला.

द्वारकाबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. पोलिसांना आणायची त्यांची इच्छा नव्हती. पोलीस आले की त्यांचं चहापाणी, जबाब, हेलपाटे, आणि केबल ती केबल गेलेलीच. पूर्वी देवीने नुसतं म्हटलं की चोर माझ्या नजरेत आहे, तर माणसं घाबरून वस्तू आणून टाकायची. तसंच येत्या मंगळवारी एकदा व्हावं.

"बाई, मी आता त्यातली न्हाई राह्यले," दैवशाला म्हणाली. "तुमाला म्हाईत हाय."

"तू न्हाई म्हणशीन. पण ती कुठं न्हाई म्हणलीय?"

दैवशालाने पुढची कळी उघडली. मग द्वारकाबाईंनी आवाज खाली आणून दुसरी गोष्ट सांगितली. त्या रात्री मोटारीवरची पाळी कचरूची होती. राधेश्याम, काकासाहेबांचा पुतण्या, जो नेटचं काम बघायचा, तो उघड उघड कचरूचं नाव घेत होता. कचरूला विचारलं तर तो म्हणाला, लाइट आलीच नाही, म्हणून मी घरी जाऊन झोपलो.

"घरीच व्हता ना त्यो?" द्वारकाबाईंनी विचारलं.

दैवशालाच्या चिमट्यात कळी चिरडली. कचरू त्या रात्री घरी आला नव्हता. उजाडल्यावर आला होता, अंगावरचे कपडे ओले, आणि विहिरीवरच्या खोपटात झोपलो होतो म्हणून तोंड फिरवून आडवा झाला होता. गावाला एक सांगितलं होतं आणि घरात दुसरं. चिरडलेली कळी तिने पदरात लपवली, कारण राधेश्याम वाया गेलेल्या कळ्यांवरून बायकांना आयबहिणीवरून बोलायचा.

घरी जाताना तिच्या डोक्यात तोच प्रश्न फिरत होता. कुठं होता तो? केबल कापायला वेळ लागतो, ओढून न्यायला माणूस लागतो, कचरूला जुन्या दारूच्या दिवसांतले भंगारवाले माहीत आहेत. घराचे पत्रे त्यानेच तर विकले होते. कुठं होता?

पास्टर सांगायचे की विश्वासी माणसावर पहिला हल्ला संशयाचा होतो. सैतान आपल्याच आवाजात बोलतो, आपल्याच माणसाविरुद्ध बोलतो. दैवशालाने हे पक्कं धरलं होतं. जिच्या अंगात परक्याचा आवाज एवढी वर्षं बोलला, तिला हे पटायला वेळ लागला नव्हता. पास्टरांनी शिकवलं होतं तसं तिने रस्त्यातच डोळे मिटून त्या प्रश्नाला येशूच्या नावात बांधलं. प्रश्न जरा दबला आणि घराचं दार दिसताच परत उभा राहिला.

सून आकांक्षा चुलीपुढे होती. पोरगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, महिन्यातून एखाददा यायचा, त्यामुळे घरात ही तिघंच. आकांक्षाने भाकरी थापता थापता सहज विषय काढला.

"आत्याबाई, मामा त्या रात्री कुठं गेल्ते, इचारलं का तुमी?"

"हे तू न्हाई बोलून राह्यली," दैवशाला म्हणाली. "हा संशयाचा आत्मा हाय. त्याला घरात घेऊ नको."

आकांक्षाने भाकरी उलटली. आपण आत्मा झालो, हे तिला आवडलं नाही, पण सासूशी या विषयात वाद घालायचा नसतो, एवढं ती लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकली होती.

कचरू आला, जेवायला बसला आणि दोन घासांवर ताट सरकवलं. काकासाहेबांनी त्याला मोटारीवरून काढलं होतं. उद्यापासून येऊ नको, एवढंच म्हणाले, तेही राधेश्यामकरवी. दैवशालाने द्वारकाबाईंचं बोलणं सांगितलं. तिला वाटलं तो चिडेल, म्हणेल बरं केलंस. तो खाली बघत भाकरीचा तुकडा चुरत राहिला.

"एकदाच जाऊन आली तर काय व्हतंय," तो म्हणाला. "कोणाचं नाव नको घेऊ. नुसतं म्हण, चोर भाईरगावचा हाय. मिटून जाईन सगळं."

तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग तिचं डोकं फिरलं. ती उठली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठमोठ्याने प्रार्थना करायला लागली. या घरातून निघ, या माणसाच्या जिभेवरून निघ. शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. कचरू थोडा वेळ तिच्या हाताखाली बसून राहिला, मग हात बाजूला करून चपला न घालताच बाहेर गेला. प्रार्थना अर्धीच राहिली, आणि अर्धी राहिलेली प्रार्थना कशी संपवायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी दोघं वडीगोद्रीला उपासनेला गेली. गावाबाहेर पत्र्याची एक खोली, सतरंजीवर एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. गाणी सुरू झाली की ढोलकी वाजायची, सगळे हात वर करून डोलायचे. दैवशाला मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून दगडासारखी बसायची. पहिल्या वर्षी ती एकदा गाण्यात डोलली होती, तर पास्टरच्या बायकोने धावत येऊन तिचं डोकं धरलं होतं आणि चौघींनी मिळून तिच्यातली देवी काढायला घेतली होती. देवी नव्हतीच. तिला नुसतं गाणं आवडलं होतं. पण हे सांगायचं कुणाला? बाकीचे डोलले तर पवित्र आत्मा आणि ती डोलली की मरीमाय. सहा वर्षं ती या गोष्टीवर मनातल्या मनात चरफडत होती.

तिची खरी जागा साक्षीच्या वेळी होती. पास्टर म्हणायचे, दबोरा बहीण, उभी राहा. आणि ती उभी राहून सांगायची. माझा मालक कसा प्यायचा, कसा गटारीत पडायचा, घराचे पत्रे कसे विकले, मला कसं मारायचा, आणि प्रभूने त्याला कसं सोडवलं. तिला बोलता यायचं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, ते तिच्या अंगात मुरलेलं होतं. नवीन माणसं रडायची. बदनापूरहून एकदा पाहुणे पास्टर आले होते, त्यांनीही ती साक्ष पुन्हा सांगायला लावली होती. तेवढा वेळ परत तिचा असायचा.

त्या रविवारीही तिने साक्ष दिली, नेहमीपेक्षा जोरात दिली. कचरू बाप्यांमध्ये बसून सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत होता. एकदाही त्याने वर पाहिलं नाही.

उपासना संपल्यावर तिने पास्टरना केबलचं सगळं सांगितलं. कचरू काय बोलला ते मात्र गिळलं. पास्टरांनी तिला मंगळवारपर्यंत उपास धरायला सांगितलं. नुसतं पाणी, आणि प्रार्थना. हा मोठा हल्ला आहे, बहीण, रिकाम्या पोटीच तो परतवता येतो. येऊन सोबत बसाल का, असं तिने विचारलं तर त्यांना मंगळवारी परतूरला जायचं होतं.

ती उपाशी राहिली. नेटमध्ये दिवसभर उभी राहिली, वाकली, कळ्या उघडल्या, दोरे बांधले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. तोंडाला एक कडू चव आली आणि ती चव तिने ओळखली. देवी यायच्या आधी ती असाच उपास धरायची. पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून तिच्या पोटाला रिकामं राहण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. पास्टर बिचारे चांगल्या मनाने बोलले होते, पण त्यांना यातलं काय माहीत. तिला वाटलं फोन करून विचारावं. मग वाटलं, हीसुद्धा उपास मोडायला लावणारी सैतानाचीच युक्ती असेल. काय सैतानाचं आणि काय आपलं, तिला आता खरंच कळेनासं झालं होतं. तिने पाणी प्यायलं आणि फोन केला नाही.

मंगळवारी ती मरीमायपुढे गेली नाही, म्हणून दिवस कलता कलता मरीमायची माणसं तिच्या अंगणात आली. काकासाहेब होते, द्वारकाबाई होत्या, राधेश्याम होता, मागे निम्मं गाव. कचरूचा चुलतभाऊ कारभारी गळ्यात हलगी अडकवून उभा होता. त्याने दैवशालाकडे पाहिलं नाही. शेकोटी नव्हती म्हणून त्याने हलगी आधीच चुलीपुढे तापवून आणली होती.

द्वारकाबाईंनी खण-नारळ तिच्यापुढे ठेवला. दैवशाला उंबऱ्यावर बसली होती. तिने नारळाला हात लावला नाही, पण उठून घरातही गेली नाही. पाय उठलेच नाहीत. कारभारीने पहिली टिपरी मारली.

आधी पायाची बोटं हलली. मग टाचा. मग मांड्यांमधून ते वर चढत आलं, पोटात रिकामी जागा होती तिथे येऊन बसलं. मान आपोआप एका बाजूला झुकली. तिने येशूचं नाव घेतलं आणि ते नावसुद्धा हलगीच्या ठेक्यावर बाहेर आलं. समोर गलका झाला, आली, आली. काकासाहेबांनी टोपी काढली. म्हातारं माणूस अंगणातल्या धुळीत गुडघ्यावर बसलं, कपाळ तिच्या पायांपाशी आलं.

आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. सहा वर्षांत कुणी असं पुढ्यात आलं नव्हतं. काकासाहेबांच्या टकलाच्या वर तिला राधेश्याम दिसला. चिरडलेल्या कळीसाठी आईवरून बोलणारा, ती ज्या ग्लासातून चहा प्यायची तो बांधावर पालथा घालून ठेवणारा. नुसतं त्याचं नाव घेतलं की झालं. राधेश्याम. नाव जिभेवर येऊन बसलं, घशात जाड आवाज तयार झाला. गर्दीच्या कडेला उभा राहून कचरू बघत होता. हा विश्वासी माणूस, बाप्तिस्मा घेतलेला, आणि त्याने देवीपुढे जोडावेत तसे हात जोडले होते.

ते हात बघून तिला एवढा संताप आला की त्या संतापानेच ती भानावर आली.

"आकांक्षा," ती म्हणाली, "भाकरी आण."

कुणाला काही कळलं नाही. आकांक्षाने दुरडीतली भाकरी आणून दिली. दैवशालाने ती मोडली आणि कोरडीच तोंडात कोंबली. देवी उपाशी तोंडी येते, उष्ट्या तोंडी कधी येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कारभारीची टिपरी हवेत थांबली. मांड्या अजून थरथरत होत्या, दात भाकरीवर खटखट वाजत होते, पण ती चावत राहिली. घास घशात अडकला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी चावत राहिली. काकासाहेब गुडघ्यावरून उठले, टोपी झटकून डोक्यावर घातली.

"मला म्हाईत न्हाई चोर कोण हाय ते," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "कोणीच आलेलं न्हाई. मी दैवशाला हाय."

द्वारकाबाईंनी खण-नारळ उचलला. नारळ परत नेणं हा केवढा अपमान, आणि तो नेमका कुणाचा, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. राधेश्याम मात्र हसत म्हणाला की देवी का बोलली नाही ते उघडच आहे, चोर घरात असल्यावर ती कशी बोलेल. त्यावर बरीच माणसं माना हलवत निघून गेली.

तिने लढाई जिंकली होती आणि तिला जिंकल्यासारखं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. पास्टरना फोन लावला. ते म्हणाले, प्रभूची स्तुती असो, पण उपास मोडायला नको होता, दबोरा बहीण. तिने फोन ठेवला आणि उरलेली भाकरीही खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी शेवटी पोलिसांना कळवलं आणि कचरूला चौकीत बोलावलं. तो रात्रभर तिथेच राहिला. घरी आला तेव्हा दुपार टळली होती. एक गाल सुजून डोळा बारीक झाला होता आणि तळपायावर भार देता येत नव्हता. पुरावा नव्हता म्हणून सोडलं होतं, उद्या परत यायला सांगितलं होतं. आकांक्षाने पाणी तापवलं. दैवशाला फडकं भिजवून गाल शेकायला लागली तसा तो म्हणाला, "सगळ्या गावानं इचारलं मी कुठं व्हतो. काकासाहेबानं इचारलं, चौकीत इचारलं. तू न्हाई इचारलं."

"मला तुमच्यावर भरवसा हाय."

"भरवसा न्हाई. तुला भ्याव हाय."

तिने फडकं पाण्यात टाकलं. प्रश्न तर तिच्या घशाशी होताच, इतके दिवस बांधून ठेवलेला. ती म्हणाली, "कुठं व्हते तुमी?"

"शहागडला. पेलो व्हतो."

लाइट येईना म्हणून तो हायवेला चहा प्यायला गेला होता. तिथे जुन्या ओळखीचा एक ट्रकवाला भेटला आणि त्याच्याबरोबर तो शहागडपर्यंत गेला. किती प्यायला ते आठवत नव्हतं. पहाटे सिराजोद्दीनभाईच्या पंक्चरच्या दुकानात टायरांवर पडलेला होता. सिराजोद्दीनने अंगावर बादली ओतून उठवलं आणि एका टेम्पोत बसवून दिलं.

दैवशालाचा उजवा हात वर गेला. सवयीने तोंडातून निघालं, "सैताना, येशूच्या नावात..."

"गप," कचरू म्हणाला. "सैतान न्हाई. मी हाय. कचरू हाय."

तिने हात खाली घेतला. चौकीत हे का सांगितलं नाही, असं तिने विचारलं. सिराजोद्दीनने एका शब्दात सोडवलं असतं. कचरूने सुजलेल्या गालावरून बोट फिरवलं.

"चोर म्हणलं तर दोन दिस म्हणतीन. तुझ्यापुढं परत बेवडा कसा म्हणून घेऊ? दर रविवारी तू उठतीस. गटार, पत्रे, मार, सगळं परत सांगतीस. नवे लोक माझ्याकडं वळून बघतेत. मी सहा वर्सं दारू सोडली. तू एक रविवार सोडली न्हाई."

आकांक्षा परातीत पीठ घेऊन बसली होती, ती पीठ तसंच ठेवून बाहेर गेली.

दैवशाला चिडली. याच्यासाठी आपण नदीत उतरलो, परडी सोडली, गावाचा मान सोडला, परवा सगळ्यांपुढे भाकरी कोंबली, आणि हा टायरांवर पडला होता. तिला त्याच्या सुजलेल्या गालावरच एक ठेवून द्यावीशी वाटली. मग वाटलं, कुणाला कळायलाच नको. उद्या चौकीत आणखी दोन-चार पडतील, मग सुटेल, पुरावा तर नाहीच. साक्ष शाबूत राहील. बदनापूरचे पास्टर पुन्हा आले तर त्यांना काय सांगायचं? ती हा हिशेब मनात मांडत होती आणि एकदम तिला कळलं की अंगणात हलगी वाजत असताना राधेश्यामचं नाव घ्यावंसं वाटलं होतं, ते आणि हे एकच आहे. तिला स्वतःची किळस आली. इतके दिवस ती दारात उभी राहून देवीला अडवत होती, आणि हा मान हवा असणारी बाई, म्हणजे ती स्वतःच, घरात चुलीपाशी बसलेली होती.

"मी काकासाहेबाला सांगून येते," ती म्हणाली.

"सगळं गाव बेवडा म्हणीन."

"म्हणू द्या. उद्या चौकीत तर जायचं न्हाई."

कचरूने भिंतीकडे तोंड केलं. ती चपला घालून दारात थांबली. तो नको म्हणाला असता तर ती गेली नसती, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"जा," तो भिंतीकडे बघूनच म्हणाला.

काकासाहेबांच्या ओट्यावर चौघं बसले होते. राधेश्याम मोटारसायकलला टेकून मोबाइल बघत होता, द्वारकाबाई सूप घेऊन मूग पाखडत होत्या. दैवशाला ओट्याखाली उभी राहिली, नेहमीच्या जागी. पदर डोक्यावर घेतला, पण आवाज खाली आणला नाही.

"आमच्या मालकानं चोरी केली न्हाई. त्या रात्री ते शहागडला दारू पिऊन पडल्ते. सिराजोद्दीनभाईच्या दुकानात. त्याला फोन लावून बघा."

"हे तू सांगून राह्यली का ती?" काकासाहेबांनी विचारलं.

"मी."

ओट्यावरच्या एकाकडे सिराजोद्दीनचा नंबर होता, ट्रॅक्टरचं चाक त्याच्याकडेच जायचं. फोन लागला. सगळ्यांना ऐकू येईल असा त्याने आवाज मोठा केला. सिराजोद्दीन म्हणाला, हां, कचरूभाई ना, जिस रात बत्ती गुल थी, रातभर इधरच टायरों पे पडे थे, सुबह पानी मारा तब उठे. आणि वर विचारलं, अब तबीयत बराबर है ना उनकी?

आधी राधेश्याम हसला, मग सगळेच हसले. येशूचा माणूस टायरावर, असं कुणीतरी म्हणालं आणि परत हसू फुटलं. दैवशालाची कानशिलं तापली. तिला वाटलं हलगी वाजत असताना जे पोटात बसलं होतं, ते आत्ता असतं तर या सगळ्यांना एका आवाजात गप्प केलं असतं. ती हसणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी चौकीत फोन लावून कचरूला बोलावू नका म्हणून सांगितलं, आणि मग तिच्याकडे वळून वैतागाने म्हणाले, "मंग हे मंगळवारी बोलायला काय झाल्तं? इतका तमाशा कशाला केला?"

"मंगळवारी मला म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "मी त्यायला इचारलंच नव्हतं."

काकासाहेबांनी मान फिरवली. कचरूला मोटारीवर परत घ्यायचं की नाही, यावर ते काही बोलले नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही. ती निघाली तसा द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवलं. नारळ परत नेल्याचं त्यांच्या मनात अजून होतं.

"दर रविवारी सांगत व्हतीस ना, येशूनं दारू सोडवली म्हणून. आता ह्या रविवारी काय सांगशीन?"

"मी काई न्हाई सांगत," दैवशाला म्हणाली. "दारू त्येंची हाय. सांगायची का न्हाई, त्येंचं त्ये बघतीन."